खोलीपेक्षा थंड

सुरत, ३ मार्च १९९६

रोहित,

आशीर्वाद गृहीत धर. चार वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, मला तुझ्याकडून काही नको आहे, आणि जुनं काही उकरायलाही मी बसलेली नाही. शास्त्रातला एक प्रश्न आहे. तू पुण्यातल्या त्या संस्थेत दिवसभर असल्याच गोष्टी करत बसतोस, म्हणून तुला विचारते. दुसरं कुणी ओळखीचं असतं तर त्याला विचारलं असतं.

प्रश्न असा. अवकाशात सर्व ताऱ्यांपासून खूप दूर एखादी वस्तू सोडली, तर ती थंड होत होत निरपेक्ष शून्याला पोहोचेल का? म्हणजे उणे दोनशे त्र्याहत्तर, ज्याच्या खाली काही नाही, तिथपर्यंत. हो की नाही एवढं कळव. कारण दोन ओळींत. तुझ्या दोन ओळी म्हणजे चार पानं होतात हे मला माहीत आहे, पण या खेपेला खरंच दोन.

विचारायचं कारण सांगते. सुरतेतल्या पाच मराठी शाळा चालवणारं एक मंडळ आहे. ते दरवर्षी दहावीच्या मुलांसाठी एक शास्त्राची परीक्षा घेतं. पहिला येईल त्याला वडोद्याच्या वसतिगृहात अकरावी-बारावी सायन्ससाठी जागा. जागा एकच. या वर्षी आमच्या पांडेसऱ्याच्या शाळेतली गायत्री नावाची मुलगी एका गुणाने मागे राहिली. तिला पन्नासपैकी सत्तेचाळीस, आणि ललित म्हणून दुसऱ्या शाळेतला एक बँकेतल्या साहेबांचा मुलगा आहे, त्याला अठ्ठेचाळीस. गायत्रीचे दोन गुण याच प्रश्नात गेले. तिने 'नाही पोहोचणार' असं लिहिलं. परीक्षकांनी चूक दिली.

ललितला वडोद्याला जागा मिळाली नाही तरी तो कुठेही शिकेल. गायत्रीचा बाप धुडकू मिलमध्ये कापड वाळवायच्या मशीनवर आहे. नवागामला एका खोलीत पाच माणसं राहतात. पहिली आली तर शिकवतो, नाही तर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, गावी नेऊन साखरपुडा उरकतो आणि मे महिन्यात लग्न, असं त्याने ठरवून टाकलंय. मुलगी सोळा वर्षांची आहे. आखाजी या वर्षी वीस एप्रिलला आहे. तेव्हा उत्तर लवकर पाठव.

परीक्षक अनुभवी आहेत, बावीस वर्षं शास्त्र शिकवतात. त्यांनी उगीच चूक दिली असेल असं मला वाटत नाही. तरी खात्री असलेली बरी.

फोन करणार नाही. फोनवर तू गप्प बसलास तर पुढे काय बोलायचं ते मला सुचत नाही.

सुलभाताई


सुरत, १४ मार्च १९९६

रोहित,

अकरा दिवस झाले. पोस्टाला पुण्याहून सुरतेला यायला इतके दिवस लागत नाहीत. माझ्यावर राग आहे तो ठेव, मी काही तो काढ म्हणत नाही. पण राग माझ्यावर आणि शिक्षा त्या पोरीला, हा कुठला न्याय?

कदाचित मी प्रश्न नीट सांगितला नसेल, म्हणून तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवून देते. पेपर माझ्यासमोर आहे.

'नाही. कोणतीही गरम वस्तू जिथे ठेवली आहे तिथल्याइतकी थंड होते, त्यापेक्षा जास्त थंड होत नाही. माझे वडील मिलमध्ये कापड वाळवतात. मशीनमधून निघालेला तागा हाताला चटका देतो. तो किती वेळ ठेवला तरी खोलीइतकाच थंड होतो, खोलीपेक्षा थंड होत नाही. तसेच वस्तू अवकाशात ठेवली तर ती अवकाशाइतकी थंड होईल. पण अवकाशात ताऱ्यांचा उजेड सगळीकडून येत असतो, म्हणून अवकाश पूर्ण शून्य असू शकत नाही. म्हणून वस्तूपण शून्यावर जाणार नाही.'

परीक्षेच्या पेपरात बापाची मिल कशाला आणायची, सांग. आणि अवकाश ही काय खोली आहे? तिथे भिंती नाहीत, हवा नाही, काहीच नाही. नमुना उत्तर असं आहे: 'होय. अवकाश म्हणजे पोकळी. तिथे वस्तूला उष्णता देणारे काहीही नसते, म्हणून ती आपली सर्व उष्णता गमावून निरपेक्ष शून्याला पोहोचते.' यात खोट कुठे आहे ते दाखव. उत्तर लिहिणाऱ्या एकूण बेचाळीस मुलांपैकी एक्केचाळीस मुलांनी हेच लिहिलंय. अगदी शब्द न् शब्द.

शब्द न् शब्द का, तेही सांगते, नाहीतर कॉपी झाली म्हणशील. गुजरात बोर्डाच्या अभ्यासक्रमाचं मराठी गाइड कुणी छापत नाही. इनमिन पाच शाळांसाठी कोण छापणार? म्हणून मी ज्या नोट्स काढल्या आहेत त्या पाचही शाळांत चालतात. चौऱ्याऐंशी साली हाताने लिहून सायक्लोस्टाइल केल्या, आता त्याच झेरॉक्स होत होत फिरतात. मुलं त्यांना 'सुलभाबाईंचं पुस्तक' म्हणतात. कतारगामच्या शाळेतले नवे सर तर माझ्याच नोट्स मलाच दाखवायला आले होते, बघा किती चांगलं पुस्तक मिळालंय म्हणून.

तर या प्रश्नाचं उत्तर त्यात एक्केचाळिसाव्या पानावर आहे. मुलांनी पाठ करायचं ते केलं, यात त्यांचं काय चुकलं?

पत्राला उत्तर दे. पोस्टकार्ड चालेल.

सुलभाताई


सुरत, २२ मार्च १९९६

रोहित,

पोस्टकार्ड चालेल म्हटलं म्हणून तू खरंच पोस्टकार्ड पाठवलंस. तेही उघडं, पोस्टमनपासून खालच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांनी वाचावं असं. 'नाही पोहोचणार. मुलीचं बरोबर आहे. परीक्षक तूच ना?' बस्स. चार वर्षांत माझ्या वाट्याला एवढे शब्द आले.

होय, मीच. प्रश्नही माझा, नमुना उत्तरही माझं, लाल रेघही माझी. आनंद झाला असेल तुला. लपवलं नव्हतं, सांगायची गरज वाटली नाही इतकंच. बरं, ते खोटं आहे. लपवलं होतं.

पण तुझं नुसतं 'बरोबर आहे' मी कशी मानू? तुला मीच शिकवलंय, कारण लिहिल्याशिवाय तुला मी कधी गुण दिले नाहीत. ताऱ्यांचा उजेड म्हणे! ज्या जागी सोडली ती वस्तू ताऱ्यांपासून अब्जावधी मैल लांब आहे, तिथे उजेड पोहोचून पोहोचून किती पोहोचणार? आणि समजा तारेच नाहीत. एकही नाही. मग? मग तरी पोहोचेल ना शून्याला? गायत्रीचं सगळं उत्तर ताऱ्यांवर उभं आहे. तारे काढून घेतले की ते कोसळतं. म्हणजे दोन गुण काही तिला मिळत नाहीत, फार तर एक. एक मिळाला तर दोघांचे सारखे होतात. मग जागा कुणाला द्यायची, ते मंडळ बघेल.

मी भांडत नाहीये. मला समजून घ्यायचं आहे. तू लगेच म्हणशील, ताईला हार मान्य करता येत नाही. अण्णांच्या तेराव्याला तू हेच म्हणालास, पाहुण्यांसमोर. तुझ्या प्रबंधाची परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती आणि अण्णा आजारी पडले. बाप आजारी आहे अशी तार मी तुला केली नाही. तू आलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. 'एकदा म्हण की चुकलं' असं तू म्हणालास आणि मी म्हटलं, तुझ्या भल्याचं केलं, यात काय चुकलं? त्यावर तू बॅग उचलून गेलास. मला वाटलं, आठ दिवसांनी पत्र येईल.

असो. तारे नसले तर काय, ते लिही. पाकिटातून.

सुलभाताई


सुरत, २ एप्रिल १९९६

रोहित,

तुझं नऊ पानी पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, बेडकाने उड्या मारल्यासारखं. तीनदा वाचलं. आकृती काढल्यास ते बरं केलंस.

मला जे समजलं ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर सांग. एक, तारे सगळे काढून टाकले तरी अवकाश कोरडं ठणठणीत नाही. विश्वाच्या सुरुवातीची उष्णता फार पातळ होऊन सगळीकडे भरून राहिली आहे आणि तिचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर पावणेतीन अंशांइतकं आहे. वस्तू तिथपर्यंत थंड होईल आणि थांबेल, कारण जेवढी उष्णता ती बाहेर टाकेल तेवढीच तिला परत मिळत राहील. दोन, हीसुद्धा उष्णता नाही असं समजलं, तरी वस्तू जितकी थंड होते तितकी तिची थंड होण्याची गती मंदावते. तापमान निम्मं झालं की उष्णता बाहेर पडायचा वेग सोळावा हिस्साच उरतो. म्हणजे शून्य जवळ येत जातं आणि हाताला कधीच लागत नाही.

म्हणजे दोन्हीकडून माझंच उत्तर चूक. बचावाला जागाच ठेवली नाहीस.

मला राग कशाचा आला सांगू? ती पावणेतीन अंशांची गोष्ट पासष्ट साली सापडली, असं तू लिहितोस. मी जळगावला बीएस्सी झाले एकोणसत्तरला. आमच्या पुस्तकात ती नव्हती, सरांना माहीत नव्हती. आठवीपासून पुढची तीस-पस्तीस वर्षं मी शास्त्र शास्त्र करते आहे आणि मला हे कुणी सांगितलं नाही. ही माझी चूक नाही, असं मी स्वयंपाक करता करता मोठ्याने म्हटलं. भाकरी करपली.

मग लक्षात आलं की गायत्रीलाही हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्याजवळ बापाचा तागा होता, त्यावरून तिने काढलं. अवकाशाचं तापमान किती ते आधी बघा, मग वस्तूचं सांगते, असा तिचा हिशेब. तुझ्या नऊ पानांतलं पहिलं पान ते हेच. मी ते वाचलं होतं आणि वर आडवी रेघ मारली होती.

काल मंडळाच्या बाबुरावांकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेत, आता मंडळाचे अध्यक्ष. त्यांना मी सरळ सांगितलं नाही, आडून विचारलं: एखाद्या उत्तरात परीक्षकांची नजरचूक निघाली तर? ते आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाले, "सुलभाबेन, नियम साफ छे. परीक्षकाचा निर्णय छेवटचा. परीक्षकाने स्वतः सहीनिशी लिहून दिलं की माझं चुकलं, तरच निकाल फिरेल." आणि मग पंख्याकडे बघत म्हणाले, "पण कुठला शहाणा परीक्षक तसं लिहून देईल? विशेषतः जून महिन्यात ज्याचं काही व्हायचं असेल तो?"

जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त होतात. ज्येष्ठतेने नंबर माझा आहे. हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं.

सुलभाताई


सुरत, १३ एप्रिल १९९६

रोहित,

'दिलंस का लिहून?' हे तू तीन पत्रांत तीन वेळा विचारलंस. नाही दिलं.

रोज बसते लिहायला. कागदावर तारीख घालते, 'मा. अध्यक्ष यांस' लिहिते आणि पुढे हात चालत नाही. बेचाळीसपैकी एक्केचाळीस मुलांचे दोन-दोन गुण कापायचे. ललित अठ्ठेचाळीसवरून शेहेचाळीसवर येणार. त्या मुलाने माझंच वाक्य पाठ केलं आणि मीच त्याला सांगायचं की हे खोटं होतं. पाच शाळांतले पालक उद्या विचारतील, बाईंच्या पुस्तकात अजून काय काय असं आहे? काय सांगू? शाळेत एक शोभाबाई आहेत, माझ्या पाठोपाठ त्यांचा नंबर लागतो. त्या तर पेढे वाटतील.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण हे नाही, आणि आता सांगितलं नाही तर पुन्हा सांगणार नाही.

डिसेंबरमध्ये वर्गात एक्केचाळिसावं पान चालू होतं. गायत्री उभी राहिली. "बाई, खोलीपेक्षा थंड कसं होईल?" मी म्हटलं, लिहिलंय तेवढं पाठ कर. ती बसली नाही. "पण बाई, तागा..." मी म्हटलं, "तागा तुझ्या बापाच्या मिलमध्ये. इथे शास्त्र चालू आहे." वर्ग हसला. मीही हसले. तिने खाली मान घातली आणि बसली. पेपरात तिने पुन्हा तेच लिहिलं तेव्हा मला ते उत्तर दिसलंच नाही. मला ती उभी राहिलेली दिसली.

थांब, अजून आहे. निकालानंतर चार दिवसांनी धुडकू शाळेत आला. मिलचा मळका शर्ट, पायांत रबरी चपला, दाराशीच उभा. मला म्हणाला, "बाई, पोर मागे पडनी. पन तुम्ही सांगा, तिले पुढे शिकाडू का? तुम्ही म्हनशात तं कर्ज काढीसन बी शिकाडसू." कर्ज काढूनही शिकवायची त्याची तयारी होती, रोहित. आणि मी म्हटलं, "मुलगी हुशार आहे, पण वाद घालते. सांगितलेलं लिहीत नाही. सायन्स तिला झेपायचं नाही." त्याने हात जोडले. "बरं व्हयनं, सांगं तुम्ही," म्हणून, मी सांगितल्याचे उपकार मानून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने गावी निरोप पाठवून सोयरिकीला होकार दिला.

म्हणजे पहिल्या पत्रात मी जे तुला लिहिलं, की त्याने ठरवून टाकलंय, ते त्याने माझ्या शब्दावर ठरवलं होतं. एक गुण नव्हे, मी.

आता तू काही लिहू नकोस. लिहिलंस तरी मी फोडणार नाही.

सु.


सुरत, १८ एप्रिल १९९६

रोहित,

सोमवारी लिहून दिलं. चार ओळी. बाबुरावांनी चष्मा काढून पुन्हा लावला, मग म्हणाले, बैठक आखाजीनंतर सव्वीस तारखेला, तोपर्यंत शांती राखो. मी म्हटलं, सव्वीसला त्या मुलीच्या हातात अंगठी असेल. ते म्हणाले, ते मंडळाच्या कक्षेत येत नाही. टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. फेकला नाही. बावीस वर्षं मुलांना शिस्त लावली त्याचा हा तोटा.

म्हणून काल संध्याकाळी मीच नवागामला गेले. पत्ता शोधताना तीन वेळा एकाच गल्लीत आले. सगळीकडे लूमचा खडखडाट, माणसाला हाक मारली तर ऐकू जात नाही. खोलीत बोचकी बांधलेली होती, आज सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने ती सगळी निघणार होती. धुडकूने खाट मोकळी केली. "या बाई, बठा. धुरपदा, च्या ठेव." धुरपदाबाई, गायत्रीची आई, साडीला टिकल्या चिकटवत होती, ती उठली. गायत्री कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या करत होती. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घड्या करायला लागली.

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, चहा आला की गावच्या गोष्टी निघाल्या असत्या आणि मी चहा पिऊन घरी आले असते. उभ्यानेच म्हटलं, "धुडकूभाऊ, गायत्रीचं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं. पहिली तीच आहे."

धुडकू माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही चुकनात?" मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही, त्याला ते खरंच वाटेना. मिलमध्ये मशीन बिघडतं, सुपरवायझर चुकतो, पण शाळेतली बाई चुकते हे त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "बाई, तुम्ही सांगं व्हतं तिले झेपाव नही. म्हनीसन मी सोयराले हा म्हनी दिधं. आते गावमा काय सांगू? बाईनी शब्द फिरावा?"

धुरपदाबाई स्टोव्हपाशीच बसून होती. ती मला नाही, भांड्याला म्हणाली, "नारय लिधा, लुगडं लिधं. आते बाई येल शेत सांगाले!"

नारळ, लुगडं घेऊन झाल्यावर मी सांगायला आले होते, तिचं खरं होतं. मग धुडकू म्हणाला, "लिखी द्या. मनं कोन आयकस? कागद ऱ्हायना तं आयकतीन." त्याचं कुणी ऐकणार नाही, कागदाचं ऐकतील. माझ्या पिशवीत गायत्रीचा पेपरच होता. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर मी लिहिलं: 'कु. गायत्री धुडकू पाटील हिचे उत्तर बरोबर होते. मी ते चूक ठरवले. तिला सायन्स झेपणार नाही असे मी तिच्या वडिलांना सांगितले, तेही चूक होते. ती पाच शाळांत पहिली आहे.' खाली सही आणि शाळेचं नाव.

धुडकूला वाचता येत नाही. त्याने कागद गायत्रीला दिला. एव्हाना दारात शेजारची सात-आठ माणसं जमली होती. गायत्रीने वर्गात धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं, लूमच्या आवाजावरून. मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून तिला पुन्हा वाचायला लावलं. मग कुणी तरी उशिरा आलं, त्याच्यासाठी तिसऱ्यांदा. माझं चुकलं हे मी तीनदा ऐकलं, तिच्या तोंडून, आणि दर खेपेला माणसं माझ्याकडे वळून बघत होती.

वाचून झाल्यावर तिने कागद उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. "बाई, गुण राहिले." मी लाल पेन काढलं आणि शून्य खोडून दोन केले.

आज सकाळी सगळी गेली. गाडी सुटली की नाही ते पाहायला मी स्टेशनवर गेले नाही. गेले असते तर धुरपदाबाईने तोंड फिरवलं असतं आणि तिचं बरोबरच असतं.

सुलभाताई


सुरत, ३० एप्रिल १९९६

रोहित,

साखरपुडा झाला नाही. झालं असं की गावातल्या शाळेच्या गुरुजींनी तो कागद पारावर सगळ्यांसमोर वाचून दाखवला. धुडकूला वाटलं होतं, लोक म्हणतील पोर हुशार, थांबा दोन वर्षं. मुलाचा बाप उठला आणि म्हणाला, मास्तरीणबाईला चुकीत काढणारी सून आमच्या घरात नको. तिथेच मोडलं. आलेला नारळ परत गेला.

धुडकू परवा शाळेत आला होता. हात जोडले नाहीत. "बाई, तुमना कागदनी गावमा मनं नाक कापं." मी म्हटलं, भाऊ, मी काय करू? "काय बी करू नका. जाऊ द्या तिले वडोद्याले. आते तिले कोन करी?" आता तिला सून कोण करून घेणार, असं म्हणून निघून गेला. मुलगी शिकणार, ती अशी. बापाच्या मनातून नव्हे, दुसरा रस्ता उरला नाही म्हणून. सव्वीसच्या बैठकीत निकाल फिरला, जागा तिला मिळाली. ललितचे वडील माझ्याविरुद्ध अर्ज देणार आहेत. मुख्याध्यापिका शोभाबाई होणार. बाबुराव म्हणाले, नियमाने तुम्ही बरोबर, पण मंडळाला जरा स्थिर माणूस पाहिजे. कुणीही खूश नाही, मीही नाही. मला वाटलं होतं, चूक कबूल केली की निदान छातीवरचा दगड उतरेल. दगड तिथेच आहे, फक्त आता तो सगळ्यांना दिसतो.

गायत्री मात्र रोज येते. तुझं नऊ पानी पत्र तिला वाचायला दिलं. सोळावा हिस्साच का, आठवा का नाही, असं विचारते. मला सांगता येत नाही. मी म्हटलं, मला माहीत नाही, पुण्याला लिहून विचारू. ती लगेच वहीत लिहून घेते, 'बाईंना माहीत नाही' असं. मला अजून राग येतो. पण तिला सांगत नाही.

आता हे शेवटचं, आणि हे लिहायला मला पाच दिवस लागले. नवागामच्या त्या खोलीत 'माझं चुकलं' म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. घरी परत येताना रिक्षात तोच विचार डोक्यात होता. अर्धं मिनिट. तेवढ्यासाठी मी तुला चार वर्षं ताटकळत ठेवलं.

तुझी परीक्षा म्हणून तार केली नाही, हे मी सगळ्यांना सांगत आले. तेराव्याला तुलाही तेच सांगितलं, आणि वर म्हटलं की अण्णाच म्हणाले, त्याला कळवू नका. अण्णा तसं म्हणाले नव्हते. मंगळवारी दुपारी त्यांनी विचारलं, रोहितला तार केलीस का? मी हो म्हटलं. बुधवारी पुन्हा विचारलं, मग अजून कसा आला नाही? मी म्हटलं, गाड्या उशिरा धावतायत. ते दाराकडे तोंड करून पडून राहिले. गुरुवारी पहाटे गेले. ते तुझ्यावर रागावून गेले नाहीत, त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की तू गाडीत बसला आहेस.

माझं चुकलं, रोहित.

ताई